येणाऱ्यांचे काका

सिडनीच्या विमानतळावर परदेशातून येणारी माणसं ज्या दारातून बाहेर पडतात, त्या दारासमोर एक कठडा आहे. इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल आणि सँडलमध्ये मोजे अशा थाटात त्या कठड्याला टेकून एखादे मराठी गृहस्थ उभे दिसले, तर ते आमचे काका असण्याची शक्यता बरीच. हातात पुठ्ठा असेल, त्यावर देवनागरीत कुणाचं तरी आडनाव असेल. खांद्यावरच्या कापडी पिशवीत चहाचा थर्मास, पाण्याचा तांब्या आणि फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची भाकरी असेल. आणि ज्यांच्यासाठी एवढा सरंजाम, ती माणसं त्यांची कुणीही नसतील.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ब्लॅकटाउनपासून हॅरिस पार्कपर्यंतच्या अर्ध्या मराठी घरांतून मला फोन येतील की अगं, आमच्या आई-बाबांनासुद्धा त्यांनीच आणलं! शिवाय काकांना ते खपायचं नाही. जन्मभर ते इथल्या पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर होते. "माझा एकही पूल पडला नाही," ते म्हणायचे, "मग माझ्याबद्दल कुणी बोलायचं कारण काय?"

आम्ही त्यांचे भाडेकरू. ब्लॅकटाउनला त्यांचं विटांचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगणात दोन खोल्यांचा ग्रॅनी फ्लॅट होता. नाव ग्रॅनी फ्लॅट, पण ग्रॅनी कुणाचीच नव्हती. मी आणि माझा नवरा समीर पुण्याहून स्किल्ड व्हिसावर आलो. दोघांच्या नोकऱ्या आयटीतल्या. म्हणजे समीरची इथे लागलेली आणि माझी तिथे सोडलेली. जागा ओळखीच्यांच्या ओळखीतून फोनवर ठरली होती. घरमालक स्वतः न्यायला येणार हे कळल्यावर समीर म्हणाला, "बघ, किती प्रोफेशनल!"

बाहेर आलो तर काका. नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता त्यांनी ट्रॉलीचा ताबा घेतला आणि आम्ही मागून धावत पार्किंगमध्ये पोचलो. बॅगा गाडीत चढल्या. मी दार उघडून बसणार, एवढ्यात ते ओरडले, "थांबा. आत बसायचं नाही अजून." मग त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, तुकडा मोडला, तांब्या घेतला, आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि भर पार्किंगमध्ये आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला लागले. लग्नानंतर उंबऱ्यावर सासूबाईंनी हेच केलं होतं. पण तेव्हा मी शालूत होते, आणि आता प्रवासात चुरगळलेल्या ट्रॅक पँटमध्ये. शेजारच्या गाडीतलं कुटुंब काच खाली करून बघत होतं. सिक्युरिटीचा एक माणूस चौकशीला आला. "एव्हरीथिंग ऑल राइट, मेट?"

"नो वरीज, मेट," काका हात न थांबवता म्हणाले, "जस्ट क्लीनिंग देम."

त्या माणसाने मान डोलावली. इथे रोजच माणसं अशी साफ करून मिळतात असा त्याचा चेहरा होता. काकांनी तुकडा बाजूला टाकला, तोच लांब वाकड्या चोचीचा एक पांढरा पक्षी कुठूनसा आला आणि तो घेऊन गेला. इथले लोक त्याला बिन चिकन म्हणतात, कारण तो कचऱ्याच्या डब्यांवर जगतो. काका त्याला कावळा म्हणायचे. "इथला कावळा पांढरा. त्याला इलाज नाही," असं म्हणून त्यांनी ओल्या बोटांनी आमच्या डोळ्यांना पाणी लावलं.

"काका, हे आपल्याकडे बायका करतात ना?" मी गाडीत विचारलं.

"बाई आणू कुठून?" काका म्हणाले आणि इंडिकेटर दिला.

ज्यांचे आई-बाप भारतातून यायचे आणि ज्यांना त्या दिवशी रजा मिळायची नाही, ते काकांना फोन करत. ज्यांना रजा मिळायची तेही करत, कारण काका नुसते आणायला जात नसत. विमानात बसण्याआधी त्या म्हाताऱ्यांना ते पुण्याला, नाशकाला, कोल्हापूरला फोन लावायचे आणि शिकवणी घ्यायचे. बी-बियाणं नको. तूप नको. लाडू चालतील, पण कागदावर डिक्लेअर करा. लपवू नका, तिथे कुत्रं असतं. एक आजी मात्र या शिकवणीला पुरून उरल्या. त्यांनी सुनेच्या कुंडीसाठी तुळशीच्या मंजिऱ्या लुगड्याच्या काठात शिवून आणल्या. वास घेणारं सरकारी कुत्रं आलं आणि शिस्तीत त्यांच्यासमोर बसलं. हे बसणं म्हणजे आरोप असतो, हे आजींना काय ठाऊक! "किती गं गुणाचा, लगेच ओळख पटली," म्हणत त्या त्याचं डोकं कुरवाळत बसल्या. बाहेर काका पुठ्ठा घेऊन ताटकळले. मंजिऱ्या गेल्या, पण आजी आल्या, आणि काकांनी त्यांच्यावरून जरा जास्तच वेळ भाकरतुकडा ओवाळला.

काका कुणाला सोडायला मात्र कधीच जात नसत. "येणाऱ्याला घ्यायला कुणीतरी पाहिजे. जाणारा काय, तो जातोच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे समीरची बदली झाली आणि आम्ही ब्रिस्बेनला, स्प्रिंगफील्ड लेक्सला निघालो, त्या दिवशी काका घरात नव्हते. कुणाच्या तरी सासूबाईंना आणायला गेले होते. किल्ली कुंडीखाली ठेवा, असं सांगून गेले. मला राग आला होता. आता येत नाही.

ब्लॅकटाउनचं ते पहिलं वर्ष मला आठवतं ते आवाजांनी, म्हणजे नसलेल्या आवाजांनी. समीर सकाळी ट्रेनने जायचा तो अंधार पडता यायचा. मी अर्ज करायचे आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं, की तुम्हाला इथला अनुभव नाही. इथला अनुभव मला भरपूर येत होता, पण तो कुणाला चालत नव्हता. दिवसभरात माझं नाव कुणी उच्चारायचं नाही. कुंपणापलीकडची बाई "हाउ या गोइंग?" म्हणायची. पहिल्यांदा मी कसं चाललंय ते खरंच सांगायला लागले, तर ती हसत हसत घरात निघून गेली. संध्याकाळी समीर आला की आम्ही दोघं उद्या कचऱ्याचा लाल झाकणाचा डबा बाहेर ठेवायचा की हिरव्या, यावर बोलायचो. मग त्यावरूनच भांडायचो. शनिवारी हॅरिस पार्कला जाऊन पाणीपुरी खायची, किराणा घ्यायचा आणि अनोळखी मराठी बोलणं कानावर पडलं की त्यांच्या मागे उगाच दोन दुकानं चालत राहायचं. मी हे करत असे. समीर म्हणायचा, "अगं, काय भिकाऱ्यासारखी मागे लागतेस?" त्याचं चुकत नव्हतं. मी मागतच होते.

आमचं वॉशिंग मशीन काकांच्या घरात होतं, स्वयंपाकघराला लागून. त्यामुळे आठवड्यातून दोन-चारदा माझी तिथे फेरी व्हायची, आणि तिथेच मला काकू भेटल्या. फोनमध्ये.

काकू पुण्याला कोथरूडला राहायच्या. काकांची जेवणाची वेळ ती त्यांची सकाळच्या कामांची. रोज त्या वेळी काका साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचे आणि तिकडे काकू कुठेतरी ओट्यावर. मग काका जेवायचे आणि काकू भाजी निवडायच्या. मला वाटलं होतं बोलत असतील. बोलायचे नाहीत. बराच वेळ नुसता इकडे चमच्याचा आणि तिकडे नळाचा आवाज. काका मीठ शोधायला उठले की काकू पलीकडून म्हणायच्या, "खिडकीत आहे." त्यांना फोनमधून खिडकी दिसायची.

"गॅसवाला नाही आला आज."

"बरं."

"मंडे आर्व्होला, म्हणजे दुपारी, प्लंबर येतोय इकडे."

"बरं."

एवढंच. मी मशीनमध्ये कपडे टाकताना काकू विचारायच्या, "कोण आहे हो तिथे?" काका म्हणायचे, "आपली मागची." मग मला फोनसमोर जावं लागे. काकू माझं नाव घ्यायच्या. सबंध दिवसात माझं नाव मला तेवढं एकदा ऐकू यायचं, आणि त्यासाठी मी कधीकधी दोनच टॉवेल घेऊन धुवायला जायचे.

भांडण नव्हतं, फारकत नव्हती. पूर्वी दोघं काही वर्षं इथे एकत्र राहिले होते. मग काकूंची आई आजारी पडली, काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, तिथे शाळेत नोकरी लागली, आई अंथरुणाला खिळली, आणि ते तीन महिने संपलेच नाहीत. काका दिवाळीला जाऊन यायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ओढून आणणारं मधे कुणी नव्हतं. रिटायर झाल्यावर काका परत जाणार होते. मी एकदा काकूंना विचारलं, तुम्ही का येत नाही? त्या म्हणाल्या, "हे येणार होते ना, म्हणून मी थांबले." काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ती येणार होती, म्हणून मी थांबलो." आता यावर माणसाने हसायचं की काय करायचं? मी कपडे वाळत घालायला निघून गेले.

घरात एक खोली बंद असायची. मागचा फ्लॅट भाड्याने, पुढची एक खोली कुणा विद्यार्थ्याला, पण ती खोली कुणालाच नाही. काका दर रविवारी ती उघडून पुसून घ्यायचे. आत पलंग, आरसा आणि आरशाला लावलेली एक टिकली होती. टिकलीचा डिंक कधीच गेला असणार. ती काकांनी चिकटपट्टीने परत लावलेली दिसत होती.

काका विमानतळावर का जातात, तेही मला काकूंनीच सांगितलं. दारात कुरियरवाला आला म्हणून काका उठून गेले होते. काकू पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा काका काही महिने आधी येऊन राहिले होते. ऐन वेळी काकूंचं तिकीट बदललं. त्या मेलबर्नला उतरल्या आणि तिथून दुसऱ्या विमानाने सिडनीला आल्या, म्हणजे देशातल्या विमानांच्या टर्मिनलवर. काका परदेशी विमानांच्या टर्मिनलवर उभे. दोन्हींच्या मधे गाडीने जावं एवढं अंतर. मोबाइल तेव्हा कुणाकडे नव्हते. काकू बाकावर बॅग धरून बसून राहिल्या आणि काका कठड्याला धरून उभे राहिले. गाठ पडली तेव्हा दिवस मावळला होता.

"रागावले नाही गं मी," काकू म्हणाल्या. "पण त्या बाकावर बसून एक कळलं. इथे मी हरवले तर मला शोधणारा एकच माणूस आहे, आणि तो दुसऱ्या दारात उभा आहे."

काका परत आले आणि काकू म्हणाल्या, "आमटी गार होतेय तुमची."

आम्ही तिथे राहत असतानाच काकूंची आई गेली. काही महिन्यांनी काकू एकदम म्हणाल्या, "येते. राहवलं तर राहीन." काका नेहमीसारखंच "बरं" म्हणाले. पण त्यानंतर ते ताळ्यावर राहिले नाहीत. बंद खोलीला रंग दिला, तो पसंत पडेना म्हणून दुसरा दिला. पडदे निवडायला मला नेलं आणि दुकानातल्या मुलीला "माय वाइफ इज मायग्रेटिंग" असं सांगितलं. मोगऱ्याची कुंडी आणून ती उन्हाप्रमाणे दिवसभर इकडून तिकडे हलवत बसायचे. आणि एके सकाळी आमच्या दारात येऊन खाली बघत म्हणाले, "तुला माझ्याबरोबर एअरपोर्टला यावं लागेल. ओवाळायला."

"मी? काका, तुम्ही तर जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ओवाळता!"

"त्या परक्या. स्वतःच्या बायकोला भर पार्किंगमध्ये ओवाळू? काहीतरीच काय!" सत्तरीचे काका चक्क लाजले होते.

विमान सकाळी उतरायचं होतं. काकांनी गाडी काढली. पुठ्ठा बरोबर घेतला होता. मी म्हटलं, काकू तुम्हाला ओळखतील की. तर म्हणाले, "असू दे. पद्धत आहे." त्यावर त्यांनी स्वतःचंच आडनाव लिहिलं होतं.

माणसं येऊ लागली. ट्रॉल्या, मुलं, गळामिठ्या. एक मराठी जोडपं काकांना ओळखून पाया पडून गेलं. हिरव्या साडीतली एक बाई पाठमोरी दिसली, तेव्हा काकांनी शर्टाची कॉलर नीट केली. ती वळली, कुणी दुसरीच होती. हळूहळू गर्दी पातळ झाली. मग विमानातले कर्मचारी आपापल्या छोट्या बॅगा ओढत गेले. "कस्टम्समध्ये लोणच्यावरून अडकल्या असतील," मी म्हटलं. "असेल," काका म्हणाले. आम्ही आणखी थांबलो. पुढच्या विमानाची माणसं येऊ लागली, वेगळ्या देशाची, वेगळ्या चेहऱ्यांची. काका त्यांच्याकडेही तितक्याच लक्षपूर्वक बघत होते.

"फोन करून बघा ना काका."

"थोडं थांबू," ते म्हणाले. आणि मग, "चल, डोमेस्टिकला एक चक्कर मारू."

गाडी काढून आम्ही तिकडे गेलो. तिथे काका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. प्रत्येक बाकाशी क्षणभर थांबले. बाकांवर लोक फोन बघत बसले होते. एका तरुणीने त्यांना जागा हवी असं समजून बॅग उचलली. काका तिला थँक यू म्हणाले आणि पुढे गेले. पुठ्ठा अजून छातीशी होता. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला रडू येत होतं.

परत गाडीत बसल्यावर त्यांनी थर्मासमधला चहा कपात ओतून मला दिला. "चांगला गरम आहे अजून. घे."

"काका, काकू..."

"ती नाही येणार. काल दुपारीच फोनवर सांगितलं तिने. टॅक्सी दारात आली होती, परत पाठवली. म्हणाली, पाय निघत नाही."

मी कप खाली ठेवला. "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? पाय तिचे."

"मग आपण इथे का आलो? तुम्हाला माहीत होतं तर!"

काकांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "अगं, माणसाचं सांगता येतं का? शेवटच्या क्षणी वाटलं, बसली विमानात, आणि मी नाही. मग?" ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "मागे एकदा ती आली आणि मी नव्हतो. आज ती नाही आली आणि मी होतो. त्यापेक्षा हे बरं."

आम्ही घरी निघालो. रस्त्यात काय लागलं ते मला आठवत नाही. गाडी लावून काका पुढच्या दाराशी गेले, किल्ली फिरवली, जाळीचं दार ओढलं. पिशवी माझ्या हातात होती. भाकरी तशीच आत होती, फडक्यात, आदल्या संध्याकाळी थापलेली. म्हणजे काकूंचं कळल्यावर थापलेली. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि दुसरंही एक लक्षात आलं. हा माणूस या देशात पहिल्यांदा उतरला, तेव्हा कठड्यापाशी कोण होतं? कुणीच नव्हतं. इतकी वर्षं इतक्यांना ओवाळून आत घेतलं, पण त्यांच्यावरून कुणी तुकडा ओवाळून टाकला नव्हता.

"काका, थांबा," मी म्हटलं. "आत जायचं नाही अजून."

ते वळले. माझ्या हातातली भाकरी बघून म्हणाले, "अगं, मी कुठून आलोय?"

"एअरपोर्टवरून."

ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले, सँडलमधल्या मोज्यांची पावलं जुळवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी तुकडा मोडला, पाणी घेतलं, मला येत होतं तसं त्यांच्यावरून ओवाळलं आणि तुकडा हिरवळीवर टाकला. कुंपणावरचा मॅगपाय पक्षी उतरून तो घेऊन गेला. मग मी ओल्या बोटांनी त्यांच्या डोळ्यांना पाणी लावलं. नंतर कितीतरी वेळ ते डोळे ओलेच राहिले. पण पाणी मी लावलंच होतं, त्यामुळे कुणाला काही म्हणायला जागा नव्हती.

काकांनी उजवा पाय आत टाकला. आणि मी त्या घरात कधी ऐकला नव्हता अशा मोठ्या आवाजात, आतल्या रंग दिलेल्या खोलीपर्यंत जाईल असं ते म्हणाले, "आलो गं!"

आत कुणी नव्हतं. काकांनी सँडल काढले, मोजे काढले, स्वयंपाकघरात गेले आणि साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला.